सोबत कोण आहे?

ऐका हो ऐका. नांदेड शहर व परिसरातील तमाम बंधू-भगिनी, मायबाप मतदार, पानपट्टीचालक, नवरदेव आणि त्यांचे मांडवाबाहेर रुसून बसलेले मामा, या सर्वांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेली सत्तावीस वर्षे आपल्या कानांना पिडणारा एक आवाज दुरुस्तीच्या कामासाठी दहा दिवस बंद राहणार आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तातडीच्या प्रसंगी पाट्या वाचाव्यात.

हे निवेदन मी खरोखर लिहिलं होतं. वहीच्या कागदावर, लातूरला जाणाऱ्या एसटीत, लोहा मागे पडल्यावर. लिहून झाल्यावर एकदा खुशीत हसलो आणि सवयीनं शेजारी बघितलं. शेजारच्या सीटवर माझीच पिशवी होती, तिच्यात टॉवेल आणि दवाखान्याची फाइल. पिशवीला विनोद कळला नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

माझा धंदा बोलण्याचा. लग्नात वऱ्हाडी मंडळींना पंगतीला बसवायचं, शोकसभेत लोकांना मोबाइल बंद करायला लावायचे, जनावरांच्या बाजारात हरवलेली म्हैस जाहीर करायची, आणि पाच वर्षांतून एकदा, हल्ली तर दर सहा महिन्यांनी, रिक्षावरच्या भोंग्यातून लोकशाही वाचवायची. या शेवटच्या कामाची रीत सगळ्यांना माहीत नसते म्हणून सांगतो. उमेदवाराचा माणूस मजकूर आणून देतो. मी पंखा बंद करतो, दाराला गादी लावतो आणि घामाघूम होऊन तो मजकूर रेकॉर्ड करतो. मग त्याच्यामागं हलगी जोडतात, पेनड्राइव्हमध्ये भरतात आणि मी दिवसभर गल्लीबोळांतून फिरतो. माझं तोंड कुठंच दिसत नाही. म्हणून आमच्या धंद्यात एक सभ्य रिवाज आहे. एका जिल्ह्यात एका पक्षाचं काम घेतलं तर दुसऱ्या पक्षाचं दुसऱ्या जिल्ह्यात घ्यावं. गेल्या निवडणुकीत नांदेडात मी एकांचा होतो आणि लातुरात दुसऱ्यांचा. दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघेही म्हणाले, आवाज चांगला आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

मुद्दा दोन्हीकडं एकच होता, आरोग्याचा कायदा. नांदेडच्या भोंग्यातून मी म्हणत होतो, "एकटे या, रिकाम्या हाती या, दवाखान्याचं दार तुमच्यासाठी उघडं राहील. तसा कायदाच आम्ही करणार." लातूरच्या भोंग्यातून मीच म्हणत होतो, "मायबापहो, कायद्याच्या कागदानं ताप उतरत नाही. आधी डॉक्टर द्या, मग कायदा आणा." दोन्ही वाक्यं मी मनापासून म्हटली. मनापासून म्हटल्याशिवाय आवाज लागत नाही.

इथवर सगळं रिवाजाला धरून होतं. पण लातूरचा मजकूर वाचताना मला चेव आला आणि मी पदरची एक ओळ घातली. ती कुणी लिहून दिली नव्हती. "आणि हे कायदावाले स्वतः आजारी पडले की कुठं जातात, तेवढं विचारा. सरकारी दवाखान्यात? नाही हो. थेट हैदराबादला."

आता लातुरात माझी थोरली बहीण राहते, आमची अक्का. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हे कायदा आणू म्हणणाऱ्या पक्षाचे जुने कार्यकर्ते. दोन वर्षांमागं दाजींच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांना हैदराबादला नेलं होतं. नेणारा मीच. ऑपरेशनचा फॉर्म अक्काला वाचवेना म्हणून सहीही माझीच होती. ही ओळ सुचली तेव्हा दाजी माझ्या डोक्यात होते का? होते. खोटं कशाला बोलू. हसू आलं होतं मला.

पण रिक्षा नेमकी त्यांच्याच फाटकासमोर पंक्चर होईल हे काही मी ठरवलेलं नव्हतं. अक्कानं नंतर सांगितलं. ओट्यावर दाजींची बारा-पंधरा माणसं चहाला बसलेली. रिक्षावाला चाक खोलून दुकानाकडं गेला आणि भोंगा तसाच चालू ठेवून गेला. अर्धा तास मी दाजींच्या दारात उभा राहून त्यांना हैदराबादचं विचारत होतो. पहिल्या खेपेला माणसं चहा पीत राहिली. दुसऱ्या खेपेला एकजण कपात बघून हसला. तिसऱ्या खेपेला दाजी उठले, आत गेले आणि अक्काला म्हणाले, "तुझ्या भावाचं तोंड कुणीतरी बंद करा एकदाचं."

त्या दिवसापासून अबोला. निकाल लागला, दाजींचा पक्ष सत्तेत आला, मला वाटलं, जिंकलेला माणूस मोठ्या मनाचा होईल. तसं काही झालं नाही. संक्रांतीला तिळगुळाचा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती आला. दर वर्षी डब्याच्या मागोमाग अक्काचा फोन यायचा, पोचला का रे म्हणून. या वर्षी तो आला नाही. मी एकटाच तिळगूळ खाल्ला आणि गोड बोलायला कुणी नव्हतं म्हणून रेडिओ लावला.

बायको होती तोवर घरातही मी निवेदनंच करायचो. "स्वयंपाकघर विभागाला विनंती आहे की, चहाची काय परिस्थिती आहे ते जाहीर करावं." आतून उत्तर यायचं, "साखर संपलीय, सभा तहकूब." ती गेली त्याला आता पाच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून घरात मी फारसं बोलत नाही. बाहेर बोलतो. बाहेर मला कुणी थांबवू शकत नाही.

फेब्रुवारीत घसा बसला. पहिले पंधरा दिवस मी त्याला सर्दी म्हटलं, पुढचे पंधरा दिवस लग्नसराई. मग लोह्याच्या एका लग्नात "शुभमंगल" म्हणताना "सावधान" आलंच नाही. नुसती हवा आली. सगळा मांडव अक्षता हातात धरून थांबला. शेवटी भटजींनीच ते म्हटलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी जेवायलाही थांबलो नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे. साधी दिसते, पण काढून तपासावी लागेल, नंतर दहा दिवस बोलणं बंद, आणि लांबवली तर आवाजाचं काही सांगता येत नाही. हे काम करणारे मोठे डॉक्टर लातूरला एका दवाखान्यात महिन्यातून एकदाच येतात. त्यांचा बुधवार मला मिळाला होता. तो चुकला तर पुढचा महिना, आणि तोवर गाठ काही माझी वाट बघत बसणार नव्हती.

तर त्या बुधवारी सकाळी मी दवाखान्याच्या काउंटरवर उभा राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी फाइल बघितली, शिक्का मारला आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"बाहेर गाडी लावायला गेलेत का?"

"नाही. मीच आलोय."

आता त्यांनी मान वर केली. आमच्याकडं दवाखान्यात एकटं जायची पद्धत नाही. पायात काटा मोडला तरी चारजण येतात. एकजण डबा धरतो, एकजण फाइल, एकजण डॉक्टरांशी बोलतो आणि चौथा बाहेर उभा राहून, पूर्वी आपल्या गावात कुणाला असंच झालं होतं आणि तो कसा गेला ते सांगतो. एकटा पेशंट म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अर्धवट भरलेला फॉर्म.

"काका, पूर्ण भूल द्यायची आहे. नातेवाइकाची सही लागतेच. एक वाजेपर्यंत माणूस आणा, नाहीतर नंबर पुढं ढकलावा लागेल."

"माझी सही मी करतो की."

"तुम्ही भुलीत असल्यावर आम्ही विचारायचं कुणाला?"

मी इकडंतिकडं बघितलं. उत्तर भिंतीवर होतं. दवाखान्याच्या टीव्हीवर मुंबईचं अधिवेशन चालू होतं आणि आरोग्याचा तोच कायदा सभागृहात आला होता. खालच्या पट्टीवर एक कलम सरकत होतं. सोबत कोणी नाही किंवा आगाऊ रक्कम भरली नाही, एवढ्या कारणानं कोणत्याही रुग्णाला परत पाठवता येणार नाही. मी बोटानं तिकडं दाखवलं. बाईंनी शांतपणे वाचलं.

"हां. ते पास झालं की या."

मी खुर्चीत जाऊन बसलो. माझ्या उजवीकडं टोपी घातलेले एक काका होते, अहमदपूरकडचे, भावाला घेऊन आलेले. डावीकडं एक निवृत्त मास्तर, त्यांच्या मंडळींच्या कानाचं ऑपरेशन होतं. टीव्हीवर विरोधक फलक घेऊन पुढं धावले आणि इकडं माझ्या डोक्यावरून चर्चा सुरू झाली.

"बघा, बघा," काका म्हणाले, "गरिबाचं काही भलं व्हायलं की लगेच आडवं पडायचं."

"भलं?" मास्तर म्हणाले. "तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर न्हाई, कायदा काय भिंतीला लावायचा का?"

"कायदा आला की डॉक्टर येतंय."

"आधी बारसं, मग लेकरू. मागं हाच कायदा आमच्या लोकांनी आणला तवा तुमचेच उठून बाहेर गेलते."

"तवा त्यात कलमं कच्ची होती."

"आन आता पिकली का?"

काकांनी उत्तरादाखल मोबाइल काढला. प्रचारातली एक क्लिप त्यांनी जपून ठेवली होती. त्यांनी ती मोठ्यानं लावली. "एकटे या, रिकाम्या हाती या, दवाखान्याचं दार तुमच्यासाठी उघडं राहील."

मी दचकलो. काय आवाज होता. भरदार, गोल, प्रत्येक शब्दाला तूप लावलेलं.

मास्तर हसले आणि त्यांनीही मोबाइल काढला. "मायबापहो, कायद्याच्या कागदानं ताप उतरत नाही."

काकांनी पुन्हा लावलं. मास्तरांनी पुन्हा लावलं. माझ्या उजव्या कानात मी होतो आणि डाव्या कानातही मीच होतो, आणि दोन्हीकडचा मी अगदी खात्रीनं बोलत होतो. आसपासची माणसं मजेत ऐकत होती. एक बाई म्हणाली, टोपीवाल्यांचा माणूस चांगलं बोलतो. दुसरी म्हणाली, पण ह्याचं बोलणं पटतंय. एकालाही कळलं नाही की हा एकच माणूस आहे, आणि तो मधल्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसलाय. मी सांगूही शकत होतो. सांगितलं असतं तर त्या दिवशीचा तो सगळ्यात मोठा विनोद झाला असता. पण माझ्या घशातून आता जे काही निघत होतं त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मी पहिल्यांदाच आयुष्यात एक तयार विनोद गिळला.

उघडं राहील, उघडं राहील, असं मी उजव्या कानात सांगत होतो आणि घड्याळात बारा वाजायला आले होते.

काउंटरवरचं बोलणं या दोघांनी ऐकलेलं होतं. काका म्हणाले, "पाहुणे, तुमच्या सहीचं काय झालं? मी करतो की. चुलतभाऊ म्हणून लिहा."

मास्तर लगेच उठले. "तुम्ही कशाला? तुमचा कायदा झाला की सहीच लागणार न्हाई ना? मग थांबा तुम्ही. तोवर आम्ही करतो."

"म्हणजे सहीत बी राजकारण?"

"सुरुवात कुणी केली?"

दोघेही माझी फाइल धरून काउंटरवर गेले. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. "आधार कार्ड दाखवा दोघांची. तुमचं आडनाव वेगळं, यांचं वेगळं, पेशंटचं तिसरंच. उद्या काही झालं तर मी कुणाला शोधू?" दोघेही परत आले. पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे ही बाई लई कडक हाय.

"घरचं कुणी न्हाई का तुमचं?" मास्तरांनी हळू विचारलं.

मी मान हलवली. नंतर आठवलं की मी होकाराची मान हलवली की नकाराची हे मलाच कळलं नव्हतं. उठून बाहेर गेलो, जिन्याखाली उभा राहिलो आणि अक्काला फोन लावला. अक्का येईल, दाजींना न सांगता येईल, असा हिशेब होता. फोन दाजींनी उचलला.

"हॅलो. कोण?"

"मी."

"मी कोण? नीट बोला की. काही ऐकू येईना."

भोंग्यातून, हलगीच्या दणक्यातून, अर्ध्या गल्लीवरून दाजींनी माझा आवाज ओळखला होता. आता कानाला लावून ओळखेनात.

"अक्का हाय का?"

"ती उदगीरला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. फोन चार्जिंगलाच विसरून गेली. तुम्ही कोण बोलायलात?"

दुसऱ्या कुणाशी तरी बोलावं तसे दाजी माझ्याशी सभ्यपणे बोलत होते. चार महिन्यांनी. एक क्षणभर मला वाटलं, नाव सांगू नये, असंच थोडं बोलत राहावं.

"दाजी, मी हाय. लातुरातच हाय, दवाखान्यात. घशात गाठ झाली. एक वाजायच्या आत सहीला घरचं माणूस लागतंय."

पलीकडं टीव्ही चालू होता. सभापती सदस्यांना खाली बसायला सांगत होते, तेच माझ्या मागं हॉलमध्येही सांगत होते. मग फोन कट झाला.

मी आत येऊन बसलो. काकांनी मोबाइल खिशात ठेवला. मास्तरांनी मला एक पेढा दिला, मग ऑपरेशन असल्याचं आठवून परत घेतला.

एक वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा दाजी आले. पांढरा शर्ट, खिशाला पक्षाचा बिल्ला, हातात स्कूटरची किल्ली. माझ्याकडं बघितलं नाही. दोन खुर्च्या सोडून बसले, टीव्हीकडं बघितलं आणि मास्तरांना म्हणाले, "तुमची माणसं काय गोंधळ घालायलीत हो." मास्तर तयारच होते. पाच मिनिटं तिघांचं कडाडून चाललं. मी मधे बसून होतो. मग काउंटरवरून माझं नाव पुकारलं गेलं आणि दाजी उठले.

आता पुढचं आधी सांगून टाकतो. गाठ साधीच निघाली. कायदा त्या दिवशी पास झाला नाही, समितीकडं गेला. समितीत दोन्ही बाजूंची माणसं आहेत, म्हणजे ते वाद घालण्यात सुखी असतील. दाजी मी शुद्धीवर येईपर्यंत थांबले होते, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. मी डोळे उघडले तेव्हा ते गेले होते. उशाला एक मोसंबी होती.

निघताना डॉक्टरांनी पुन्हा बजावलं होतं, "दहा दिवस एक शब्द नाही. कुजबुजही नाही. घरच्यांना सांगून ठेवा, तुम्हाला बोलायला लावू नका." मी मोठ्या गंभीरपणे मान डोलावली.

ते दहा दिवस माझे नांदेडात फार सोपे गेले, हीच त्यातली वाईट गोष्ट. मौन पाळायला मला काही करावंच लागलं नाही. दूधवाल्याला पाटी दाखवली. तीन दिवस झाल्यावर घर इतकं शांत वाटायला लागलं की जेवायला बसलो की मी मोबाइलवर त्या दोन क्लिपा लावायचो. आधी नांदेडची, मग लातूरची. ताटासमोर दोघे भांडायचे आणि मी भाकरी खायचो. लातूरच्या क्लिपमध्ये हैदराबादची ओळ आली की मी ती पुढं ढकलायचो.

अकराव्या दिवशी आवाज परत आला. थोडा चिरका आहे, तूप उतरलंय, पण लग्नाला चालतो. पहिला शब्द कुणाशी बोलावा हे ठरेना, म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चहाची परिस्थिती विचारली. आतून उत्तर आलं नाही. मग अक्काला फोन केला. ती बोलली, रडली, नातीचं कौतुक सांगितलं. मागं दाजींचा खोकला ऐकू आला. ते फोनवर आले नाहीत. आजतागायत आलेले नाहीत. अबोला चालू आहे.

पण त्या बुधवारी काउंटरवर काय झालं ते माझ्या कानात अजून आहे. बाईंनी फॉर्म पुढं सरकवला. नात्याच्या रकान्यात दाजींनी "मेहुणा" लिहिलं, नीट, सावकाश. मग चष्मा लावून अख्खा फॉर्म वाचायला लागले, कारण पक्षात त्यांना सवय आहे, वाचल्याशिवाय ते कशावर सही करत नाहीत. शेवटून तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. शस्त्रक्रियेत आवाज बदलण्याची अथवा कायमचा जाण्याची शक्यता मला समजावून सांगण्यात आली असून ती मला मान्य आहे.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मी त्यांच्या मागं हातभर अंतरावर उभा होतो. "मामा, सही करा, डॉक्टर थांबलेत," बाई म्हणाल्या. दाजींनी पेन उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. माझ्याकडं वळले नाहीत. पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल, टीव्हीवरच्या सभापतींनाही ऐकू जाईल, अशा आवाजात ते बाईंना म्हणाले,

"ही ओळ खोडा आधी. ह्याचा आवाजच गेला तर मी अबोला धरू तरी कुणाशी?"